‘सिस्टीम घेत नाही’ म्हणजे कोण घेत नाही?

‘सिस्टीम घेत नाही.’ वाशीम जिल्ह्यात रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत कोणत्याही तहसिलीत, सोसायटीत, बँकेच्या खिडकीवर शेतकऱ्याला हे तीन शब्द ऐकवले जातात आणि तो मुकाट्याने माघारी फिरतो. समोरचा माणूस नाही म्हणाला असता तर त्याच्याशी भांडता आले असते, साहेबाकडे जाता आले असते. सिस्टीमशी कोण भांडणार? आम्ही विचारतो, ही सिस्टीम कोणी बांधली? तिच्यातले तक्ते कोणी आखले? त्यात चुकीची नोंद शिरू दिली कोणी? ज्याने शिरू दिली त्याने एकदा तरी तहसिलीची पायरी झिजवली आहे काय?

जोतीराव फुल्यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा निरक्षर कुणब्याला लुबाडणारी लेखणी चावडीवर डोळ्यांदेखत चालत होती. आज ती लेखणी सर्व्हरमध्ये गेली आहे, आणि तिचा धनी कोण हे शेतकऱ्याला तर नाहीच, बहुतेक वेळा तहसीलदारालाही ठाऊक नसते.

एडगर कॉड या आयबीएममधल्या गणितज्ञाने 1970 साली माहिती साठवण्याची जी पद्धत मांडली, तिच्यावरच आज बँका आणि सरकारी खाती चालतात. माहिती तक्त्यांत ठेवावी, प्रत्येक ओळीला तिची स्वतःची, दुसऱ्या कोणाची नसलेली ओळख द्यावी, एक गोष्ट एकाच जागी लिहावी आणि बाकीच्यांनी तिच्याकडे बोट दाखवावे, हा तिचा गाभा. 1985 साली कॉडने आपले प्रसिद्ध बारा नियम सांगितले. त्यातल्या दहाव्याचा अर्थ असा की, खरे-खोटे तपासणारी बंधने डेटाबेसच्या आतच असली पाहिजेत. वरच्या प्रोग्रामच्या किंवा ऑपरेटरच्या मर्जीवर ती सोडता येत नाहीत. हे ज्ञान अर्धे शतक जुने आहे आणि आमच्या मुलांना कॉलेजात पहिल्या-दुसऱ्या वर्षाला शिकवले जाते. ते मंत्रालयाला ठाऊक नव्हते असे कोणी म्हणू नये.

2017 ची कर्जमाफी आठवा. 24 जूनला 34,022 कोटींची घोषणा झाली, दीड लाखापर्यंतचे कर्ज माफ होणार म्हणून गावोगावी सेवा केंद्रांपुढे रांगा लागल्या. 18 ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, प्रमाणपत्रे वाटण्याचे समारंभ झाले. आणि मग याद्या अडल्या. बँकांकडून 66 रकान्यांत माहिती मागवली होती. ती आली तेव्हा एकाच आधार क्रमांकावर वेगवेगळ्या नावांची खाती निघाली. माणूस, त्याचे आधार, त्याची बँक, त्याचे कर्ज, त्याची जमीन हे सगळे एकाच लांबलचक ओळीत कोंबले की दुसरे काय होणार? माणसाचा तक्ता वेगळा, खात्यांचा वेगळा, एका आधारला एकच माणूस, आणि त्या माणसाशी न जुळणारे खाते तक्त्यात घेणेच नाही, एवढी युनिक आणि फॉरेन कीची दोन बंधने पहिल्या दिवशी घातली असती, तर ती चूक बँकेच्या शाखेतच अडली असती. ती अडवली नाही, म्हणून अडला तो शेतकरी. दोष नोंदीत, आणि पात्रता सिद्ध करायची त्याने! चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार आहे.

आता सातबाराकडे या. 1939 साली वाशीमला वाकाटक राजा दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला. तो गावाच्या दानाचा लेख आहे. म्हणजे या भूमीचा एक फार जुना दस्तऐवज जमिनीच्या हक्काचाच, आणि तो धातूवर कोरलेला, कोणी गुपचूप बदलू नये म्हणून. आमच्या जुन्या तलाठ्यांची शिस्तही त्याच जातीची होती. गाव नमुना सहामध्ये फेरफार धरायचा, नोटीस काढायची, हरकतीची मुदत जाऊ द्यायची, मग मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित करायचा. सातबारावरचे जुने नाव खोडून टाकायचे नाही. त्याला कंस करायचा आणि शेजारी फेरफार क्रमांक लिहायचा. कोणत्या वर्षी, कोणाच्या सहीने, कशामुळे नाव गेले, हे नातवालाही वाचता येई. डेटाबेस सांभाळणारे ज्याला ऑडिट ट्रेल म्हणतात ते हेच.

संगणकीकरणात हे सारे अधिक भक्कम व्हायला हवे होते. उलट झाले काय? एकूण क्षेत्र 1 हेक्टर 62 आर आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज 1 हेक्टर 60 आर, असे सातबारे संगणकात बिनदिक्कत बसले. बेरीज जुळत नसेल तर नोंद घेऊ नको, हे यंत्राला सांगणे म्हणजे काही ओळींचे काम. ते वेळीच सांगितले गेले नाही, म्हणून मागाहून चावडी वाचन करावे लागले, एडिट आणि रि-एडिट मॉड्यूल काढावे लागले, न जुळणाऱ्या सातबारांचे ओडीसी अहवाल निघाले, आणि तरीही जे राहिले त्यासाठी महसूल संहितेच्या कलम 155 खाली अर्ज करायचा तो शेतकऱ्यानेच. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

पीककर्ज फेडून निल दाखला घेतला तरी सातबाराच्या इतर हक्कांत बोजा तसाच राहतो, हा तर घरोघरचा अनुभव. डेटाबेसमध्ये व्यवहार म्हणजे ट्रान्झॅक्शन: दोन्ही अंगे पुरी होतील, नाहीतर एकही होणार नाही. इकडे बँकेत पैसे जमा होतात आणि तिकडे बोजा वर्षानुवर्षे बसतो. हा अर्धा व्यवहार सरकारने शेतकऱ्याच्या गळ्यात मारला आहे.

जिल्ह्याचे नावच घ्या. कुठे ‘वाशीम’, कुठे ‘वाशिम’. वाचणाऱ्याला दोन्ही एकच. यंत्राला ते दोन वेगळे जिल्हे. म्हणूनच जनगणनेने 2011 साली त्याला 502 हा संकेतांक दिला. जिल्ह्याला अंक मिळाला, पण त्यातल्या शेतकऱ्याची ओळख मात्र अजून स्पेलिंगवर लटकली आहे: आधारवर किसन, सातबारावर किसनराव, पासबुकात आणखी तिसरेच. आता शेतकरी ओळख क्रमांक आला. चांगले झाले. पण तो क्रमांक जुन्याच सडक्या नोंदींवर चिकटवला, तर एका चुकीच्या तीन चुका होतील.

शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात शेंदुरसनी नावाचे दीड हजारांच्या आसपास वस्तीचे गाव आहे. त्या ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदणी लॉगिनवर 2025 साली अवघ्या काही महिन्यांत 27 हजारांवर जन्म नोंदले गेल्याचे उघड झाले. गावाच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट बाळे जन्मली आणि एकाही बंधनाने, एकाही इशाऱ्याने आवाज केला नाही! लॉगिन कोणाचे, वापरतो कोण, मध्यरात्री नोंदी कोण घालतो, हे रोज बघणारा माणूसच नेमलेला नाही. आमच्या कचेऱ्यांतही पासवर्ड टेबलाच्या काचेखाली असतो आणि डिजिटल सहीची किल्ली खाजगी मदतनीसाच्या खिशात. मंडळ अधिकाऱ्याची तपासणी म्हणजे दुसरा डोळा. फेरफार धरणारा आणि प्रमाणित करणारा एकच हात झाला की तो डोळा फुटला.

2018 पासून वाशीम हा आकांक्षित जिल्हा. निती आयोगाच्या डॅशबोर्डवर त्याचा क्रम लागतो, क्रम वाढला की पेढे वाटले जातात. डॅशबोर्ड रंगवणाऱ्यांची वानवा नाही. खालचा तक्ता शुद्ध ठेवणारा शोधून सापडत नाही. सहा तालुक्यांच्या या जिल्ह्याला डेटाबेस सांभाळणारा पूर्णवेळ, कायम, नाव-गाव असलेला अधिकारी हवा. कंत्राटी ऑपरेटर नको, करार संपला की फोन न उचलणारी कंपनी नको. बॅकअप घेतला की नाही एवढे विचारून भागणार नाही. तो परत उतरवून पाहिला का, हे त्याला दर महिन्याला लेखी द्यावे लागले पाहिजे. कारंजा-मंगरूळपीरची संगणक शिकलेली मुले पुण्याच्या कंपन्यांत हेच काम परदेशी बँकांसाठी करतात. ती इथे बसायला तयार होतील, पण जागा मंजूर करणार कोण?

आणि तोवर जिल्हाधिकाऱ्यांनी एक करावे. त्याला मुंबईची परवानगी लागत नाही. 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, 26 जानेवारी, 1 मे या चार ग्रामसभांत, मागच्या सभेपासून गावच्या सातबारांत झालेला प्रत्येक बदल मोठ्याने वाचून दाखवावा: गट क्रमांक, आधी काय होते, आता काय आहे, कोणाच्या लॉगिनने, कोणत्या तारखेला. ज्या बदलाचा जाब देता येणार नाही तो तिथल्या तिथे स्थगित करावा, आणि दुरुस्तीचा अर्ज तलाठ्याने स्वतः लिहावा, शेतकऱ्याला लिहायला लावू नये.