अर्थिंग दिसल्याशिवाय फांदीला कोयता नाही : झाडछाटणी कामगारांचे मागणीपत्र

प्रति,
शिर्डी-राहाता परिसरातील वीज वितरणाचे अधिकारी, नगर प्रशासन आणि छाटणीचे ठेकेदार यांस,

वळवाचे वारे सुटण्याआधी तारांना भिडलेल्या कडुनिंब, बाभूळ, सुबाभूळ, निलगिरीच्या फांद्या आम्ही उतरवतो. आम्ही ठेकेदाराकडचे रोजंदार. खांबावर चढणाऱ्या वायरमनला प्रशिक्षण आहे, हुद्दा आहे. त्याच तारेशेजारच्या झाडावर चढणाऱ्याला दोन्हींतले काही नाही.

पहिली मागणी जिवाची. ‘लाइन बंद केली, चढा’ एवढ्या फोनवर माणूस झाडावर चढवणे थांबवा. सबस्टेशनातून फीडर बंद झाला म्हणजे तार मेली असे होत नाही. शिर्डीत तर नाहीच. इथे लॉज, भक्तनिवास, मंगल कार्यालये जनरेटर ठेवतात. चेंजओव्हर स्विच सदोष असेल तर जनरेटरची वीज उलटी डीपीत शिरते आणि 11,000 व्होल्ट होऊन बंद समजलेल्या तारेवर येते. ओली फांदी वीज वाहून नेते, आणि एवढ्या दाबाची तार अगदी जवळ गेल्यास न शिवताही झडप घालते. म्हणून लेखी परमिटची प्रत आमच्या मुकादमाच्या हाती हवी. टेस्टरने तपासून कामाच्या दोन्ही बाजूंना, आमच्या डोळ्यांसमोर, अर्थिंग लावावे. वायरमनने काम संपेपर्यंत जागा सोडू नये. सगळी माणसे खाली उतरल्याची मुकादमाची सही झाल्यावरच परमिट परत जावे. हे मान्य होणार नसेल, तर बाकीच्या मागण्यांना अर्थ उरत नाही.

गुरुवारी, रामनवमीला, गुरुपौर्णिमेला, दसऱ्याला इथली वीज बंद ठेवणे अवघड, हे आम्हाला कळते. भाविकांची गैरसोय आम्हालाही नको. त्या दिवशी काम ठेवू नका. छाटणीचे वेळापत्रक आधी जाहीर करा. पण वीज चालू ठेवून ‘सांभाळून करा’ असे सांगू नका. अमेरिकेत तारांजवळची छाटणी हा वेगळे प्रशिक्षण लागणारा व्यवसाय आहे. ते न घेतलेल्याला 50 किलोव्होल्टपर्यंतच्या चालू तारेपासून 10 फुटांच्या आत जाता येत नाही. असेच प्रशिक्षण आणि ओळखपत्र आम्हाला द्या, आणि त्यानुसार कुशल कामगाराचा रोज द्या.

बांबूला बांधलेला कोयता आणि अ‍ॅल्युमिनियमची शिडी बंद करा. वीजरोधक फायबरची काठी, पूर्ण अंगाचा सुरक्षापट्टा आणि हेल्मेट ठेकेदाराने पुरवावे. त्याचे पैसे रोजातून कापू नयेत. अपघात झाला की ‘माणूस ठेकेदाराचा’ हे उत्तर चालणार नाही. काम करवून घेणाऱ्या मूळ मालकाचीही जबाबदारी राहते, हे 1923च्या नुकसानभरपाई कायद्यातच सांगितले होते. विमा कामाच्या आधी उतरवा, पावती दाखवा.

झाडासाठीही बोलायचे आहे. शेंडा उडवलेला कडुनिंब दाट फूट काढतो आणि ती फूट पुन्हा तारेत जाते. फांदी तिच्या सांध्याशी कापली, वाढ तारेपासून दूर वळवली, तर झाड टिकते आणि आमचे जोखमीचे चढणेही कमी होते. असे काम सावकाश होते. म्हणून उतरवलेल्या फांद्यांच्या ढिगावर मजुरी ठरवू नका. गुरुस्थानाच्या कडुनिंबापुढे भाविक हात जोडतात त्या गावात रस्त्याकडेच्या कडुनिंबांची अशी कत्तल शोभत नाही. तारांखाली नवी लागवड पारिजातक, कण्हेर, तगर अशा ठेंगण्या झाडांची करा. मोठी जुनी झाडे आहेत तिथे उघड्या तारांऐवजी आवरण असलेली केबल टाका.

पुढच्या छाटणीचा ठेका देण्याआधी आम्हाला चर्चेला बोलवा, आणि परमिट व अर्थिंगच्या अटी ठेक्याच्या करारातच लिहा, ही आमची विनंती आहे.

आपले,
वीजतारांजवळ झाडछाटणी करणारे कामगार, शिर्डी परिसर