पुराआधीचा पैसा

कारम धरणाची १४ ऑगस्ट २०२२ ची संध्याकाळ विसरण्यासारखी नाही. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात, धरमपुरी तहसिलीत, कोठीदा गावाजवळ कारम नदीवर ३०४ कोटींचं धरण बांधलं जात होतं. २०२२ च्या पावसाळ्यात त्या अर्धवट बांधलेल्या धरणात पाणी साठलं आणि ११ ऑगस्टला मातीच्या भिंतीतून गळती सुरू झाली. धार आणि खरगोन मिळून अठरा गावं रिकामी करावी लागली. लष्कर आलं, आग्रा-मुंबई महामार्गावरची वाहतूक थांबवली गेली. पोकलेन चालवणाऱ्यांनी जिवावर उदार होऊन कडेचा भाग फोडला, पाण्याला वाट करून दिली आणि १४ तारखेला पाणी खाली धावलं. माणसं वाचली. शेतं मात्र गेली. उभं पीक आणि काळी माती वाहून गेली, मागे दगडगोटे राहिले.

माणसं वाचवणाऱ्यांचं ऋण मोठं आहे. त्या चार दिवसांत मंत्र्यांपासून पटवाऱ्यापर्यंत सगळं सरकार नदीकाठी उभं होतं आणि खर्चाचा हिशोब कोणी विचारत नव्हतं. तो विचारायचाही नसतो. पण हीच तत्परता पूर येण्याआधी, नगरपालिकेच्या अर्थसंकल्पीय बैठकीत कुठे असते? कारम हे राज्याच्या जलसंपदा खात्याचं काम होतं, पालिकेचा त्याच्याशी संबंध नव्हता. पण पैसा धोका दिसल्यावरच सुटतो, ही रीत भोपाळपासून लहानातल्या लहान नगर परिषदेपर्यंत एकच आहे.

बैठकीत पार्षद, म्हणजे नगरसेवक, काय मागतात ते आपण सगळे जाणतो. गल्लीत सिमेंटचा रस्ता, चौकात दिवे, वेशीवर स्वागतद्वार. यातलं काहीच गैर नाही. लोकच ते मागतात. नाल्यासाठी मात्र कोणी उठून बोलत नाही. नाला वरच्या वॉर्डातून वाहतो, तिथेच भराव घातल्यानं अरुंद होतो आणि बुडतो खालचा वॉर्ड. वरच्या पार्षदाला खालच्या वॉर्डाचं मत मिळत नाही आणि खालच्या पार्षदाच्या हातात वरची जमीन नाही. मग जून उजाडता उजाडता जेसीबी येतो, गाळ उपसून काठावरच ठेवतो, आणि पहिल्या जोरदार सरीत तो गाळ पुन्हा नाल्यात. बिल मात्र निघालेलं असतं.

खरी अडचण याहून खोल आहे. नाल्याकडे दुर्लक्ष पालिका करते, पण पुराची भरपाई तिच्या तिजोरीतून जात नाही. मध्य प्रदेशात ती महसूल खात्याच्या ‘आरबीसी सहा-चार’ या परिपत्रकाप्रमाणे मिळते. पाणी ओसरलं की पटवारी पंचनाम्याला येतो. भिंत कच्ची की पक्की, किती पडली, धान्य किती भिजलं, जनावर गेलं का, हे लिहून घेतो. ओल्या गव्हाचं पोतं दाराशी ओढून आणून दाखवणारी बाई त्याच्यासमोर उभी असते. नंतर पैसे येतात ते राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून, ज्यात ७५ टक्के वाटा केंद्राचा असतो. म्हणजे नाला न सांभाळल्याची किंमत पालिकेला रुपयानंही मोजावी लागत नाही. मग तिच्या अंदाजपत्रकात नाल्याला जागा मिळेल कशी? राज्यघटनेनंही ही जबाबदारी मोघमच ठेवली आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीनं जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत पालिकांची अठरा कामं आहेत. त्यांत कोंडवाड्याचं नाव आहे, पुराचं नाही.

मुंबईनं या टाळाटाळीची किंमत मोजली आहे. पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ मध्ये महापालिकेच्या हाती आला होता. तेव्हाचा अंदाज होता सुमारे ६१६ कोटींचा. पैसे नाहीत म्हणून तो बाजूला पडला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, शेकडो माणसं गेली, आणि मग त्याच कामासाठी केंद्राकडून १,२०० कोटी मंजूर झाले. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि त्यानं आपली जुनी जागा परत मागितली. तिथे तर ओढा कोणाला माहीत नव्हता असं म्हणायचीही सोय नव्हती.

आणि आपलं, माळव्याचं काय? १७२८ च्या अमझेऱ्याच्या लढाईनंतर माळव्यात मराठ्यांचा जम बसला, धार-देवासला पवारांची राज्यं आली, तेव्हापासून मराठी घरं इथल्या वाड्या-मोहल्ल्यांत आहेत. या गावांना पाणी थोपवून धरायचं शहाणपण परमार राजांच्या काळापासून मिळालेलं होतं. धारचे ‘साडेबारा तलाव’ आजही लोकांच्या तोंडी आहेत, मुंज तलाव त्यांतलाच. पाऊस आधी तलावात थांबायचा आणि सावकाश पुढे जायचा. देवासनं आपले तलाव भराव घालून बुजवले, त्यांवर घरं-कारखाने उभे केले आणि १९९० मध्ये त्या शहराला इंदूरहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं. तलावांविषयी लिहिणाऱ्या अनुपम मिश्रांनी ही हकिकत लिहून ठेवली आहे. पुढे २००६ पासून त्याच देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी, उमाकांत उमराव जिल्हाधिकारी असताना, बहुतेक स्वतःच्या खर्चानं हजारो शेततळी खोदली. खेड्यांना जे जमलं ते शहरांना जमू नये, हे मला पटत नाही. बुजवलेला तलाव उन्हाळ्यात तहान देतो आणि पावसाळ्यात पूर, तेव्हा दोन्हींचा खर्च एकाच ठिकाणी वाचू शकतो.

पैशाचं कारणही आता पूर्वीसारखं चालणार नाही. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीला १,६०,१५३ कोटी ठरवले आणि त्यातला २० टक्के भाग धोका कमी करण्याच्या कामांसाठी वेगळा काढायला सांगितला. असा निधी मिळवायचा तर नाल्याचा नकाशा, अतिक्रमणांची यादी आणि कामाचा अंदाज हातात हवा. हे काम उन्हाळ्यात होतं, पुराच्या रात्री होत नाही.

म्हणून धार, देवास आणि आसपासच्या पालिकांच्या पार्षदांना विनंती आहे. पुढच्या अर्थसंकल्पात नाले आणि तलाव यांचं स्वतंत्र शीर्ष ठेवा, वॉर्डाचं नाव आणि रक्कम त्यात लिहा, आणि काम मे संपायच्या आत पुरं करा. उपसलेला गाळ त्याच दिवशी काठावरून हलवायची अट ठेकेदाराच्या करारात घाला. वरच्या वॉर्डाच्या पार्षदानं खालच्या वॉर्डासाठी उभं राहून बोलावं. वाचकांनीही स्वस्थ बसू नये. अर्थसंकल्पाची प्रत मागायचा हक्क माहिती अधिकार कायद्यानं २००५ पासून प्रत्येक नागरिकाला दिला आहे. या वर्षी ती मागा आणि नाल्याच्या नावापुढे किती रुपये लिहिले आहेत ते आपल्या पार्षदाला विचारा.