उद्दिष्टे आणि हजेरीपट

इंटेल कंपनीत अँडी ग्रोव्ह यांनी सिद्ध केलेली उद्दिष्टे व त्यांची मोजता येण्याजोगी फलिते ठरविण्याची पद्धत १९९९ साली गुंतवणूकदार जॉन डोअर यांच्यामार्फत गूगलमध्ये पोहोचली; परंतु तेथे महत्त्वाकांक्षी उद्दिष्टाची साठ-सत्तर टक्के पूर्तताही समाधानकारक मानण्याचा जो प्रघात पडला, तो तिची नक्कल करणाऱ्या आस्थापना बहुधा दप्तरदाखल करतात, आणि मग उरते केवळ वरून सुटणारे फर्मान. एकट्याने व्यायाम वा लेखन करू पाहणाऱ्यास हा पसारा कशाला? त्यास नित्याचा नेम पुरे. जेथे एकाचे काम दुसऱ्यावाचून अडते, त्या संघास मात्र सर्वांसमोर उघड असलेले लेखी उद्दिष्ट हवेच. फक्त पगारवाढीचा हिशेब त्यापासून अलग ठेवावा, कारण बढती आकड्यावर टांगली की शहाणा मनुष्य आकडाच लहान मागतो.