दोष खेळणाऱ्यांचा की नियमांचा?



आमच्या मित्रमंडळीत काही वर्षांपासून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा अमेरिकन खेळ खेळला जातो. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण खेळ चालवतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात, ते काय करते हे बोलून सांगतात आणि अडलेल्या गोष्टीचा निकाल फासे देतात.

मध्यंतरी आम्ही १९८१ च्या जुन्या नियमपुस्तकावर खेळलो. राक्षस दिसला की आमची पात्रे पळायची. बघायला आलेला एक मित्र म्हणाला, "तुम्ही सगळे भित्रे आहात." पुढे आम्ही २०१४ च्या आवृत्तीवर गेलो, तेव्हा तोच म्हणाला, "तुम्हाला मारामारीशिवाय काही सुचत नाही." माणसे तीच, टेबल तेच. मग आमचा स्वभाव महिनाभरात बदलला का? नाही. बदलले ते नियमपुस्तक.

आमचे म्हणणे साधे आहे. कोणत्याही आवृत्तीला तीन प्रश्न विचारा. बक्षीस कशाला मिळते? शिक्षा कशाची होते? आणि कोणाला कुठपर्यंत वर चढता येते? उत्तरे मिळाली की त्या टेबलावरची माणसे कशी वागतील, हे बरेचसे आधीच सांगता येते.

बक्षिसापासून सुरुवात करू. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये हा खेळ आणला. त्या काळात सुखरूप बाहेर आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्याला अनुभवाचा एक गुण, म्हणजे एक एक्सपी मिळे. १९८१ च्या पुस्तकात एक ऑर्क मारला तर १० एक्सपी आणि फायटरला दुसऱ्या लेव्हलला जायला २००० लागत. म्हणजे २०० ऑर्क मारा किंवा २००० नाणी पळवा. त्यात जादूगाराचा जीव चार बाजूंच्या फाशावर ठरणार आणि जीव शून्यावर आला की पात्र मेले. अशा वेळी शहाणा माणूस काय करील? दबकत जाईल, ऑर्कांशी बोलणी करील, लाच देईल, मागच्या दाराने सोने काढील. याला भित्रेपणा म्हणायचे की हिशेब?

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सोन्याचे गुण ऐच्छिक झाले आणि कथेचे उद्दिष्ट गाठण्याला गुण मिळू लागले. खजिन्यावरची नजर डंजन मास्टरच्या कथेकडे वळली. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत 'फीट' नावाची खास कौशल्ये आली आणि वर्ग हवे तसे मिसळता येऊ लागले. अर्धा खेळ टेबलावर बसण्याआधी, घरी पुस्तक उघडून पात्राची जुळवाजुळव करण्यातच होऊ लागला. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने अंतर चौकोनांत मोजले आणि प्रत्येक वर्गाला ठरावीक 'पॉवर्स' दिल्या. लढाया लांबल्या, पट बुद्धिबळासारखा झाला. तिची खूप टिंगल झाली, पण जादूगाराच्या सावलीत राहणाऱ्या फायटरला बरोबरीची साधने तिनेच दिली, हेही नोंदवले पाहिजे.

आता शिक्षा. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत जीव शून्यावर आला की पात्र सहसा लगेच मरत नाही. फासे टाकले जातात. तीनदा यश आले तर ते सावरते, तीनदा अपयश आले तर मरते. मध्येच सोबत्याने उपचार केले तर पुन्हा उठून लढते. मरणाची भीती कमी झाली म्हणून लोक बेधडक लढू लागले. पात्र टिकणार याची खात्री वाटू लागली म्हणून त्याच्या आईवडिलांची, गावाची, जुन्या वैराची लांबलचक कथाही लिहू लागले.

तिसरा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: वर चढण्याची मर्यादा. १९७८ च्या पुस्तकात मानवाला बहुतेक वर्गांत कितीही लेव्हल चढता येत. बुटक्या हाफलिंगला मात्र फायटर म्हणून सहाव्या लेव्हलच्या पुढे दार बंद होते. दार उघडे कुठे? चोराच्या वर्गात! मग दीर्घ खेळात हाफलिंग घेणारा प्रत्येक जण चोर होणार आणि पुढे लोक म्हणणार, "हाफलिंग चोरच असतात." आधी नियमाने दारे बंद करायची आणि नंतर त्यालाच जातीचा स्वभाव म्हणायचे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा ठाऊक असलेल्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. त्याच पुस्तकात मानवी स्त्री-पात्राच्या ताकदीवरही पुरुषापेक्षा खालची मर्यादा होती.

दुसऱ्या आवृत्तीत स्त्रीवरची मर्यादा गेली. जन्माची लेव्हल-मर्यादा २००० मध्ये गेली. तरी त्या आवृत्तीत हाफ-ऑर्कची बुद्धी जन्मतःच दोनने कमी होती. २०२० मध्ये जन्माचे वाढीव गुण हवे तिथे लावण्याचा पर्याय आला. २०२४ मध्ये 'रेस' हा शब्द काढून 'स्पीशीज' आला आणि हे गुण जन्माऐवजी पात्राच्या पार्श्वभूमीला जोडले गेले.

या बदलाचे आम्ही स्वागत करतो. पण टाळ्या वाजवण्याआधी यादी वाचा. नव्या पुस्तकात शेतकरी पार्श्वभूमीला वाढ मिळते ती ताकद, काटकपणा आणि शहाणपण यांत. उमरावाला मिळते ताकद, बुद्धी आणि व्यक्तिमत्त्वाची छाप यांत. विझार्डची जादू बुद्धीवर चालते. म्हणजे विझार्ड व्हायचे तर उमरावाच्या घरातून येणे सोयीचे! शेतकऱ्याचे पोर विझार्ड होऊ शकते, पण एक पाऊल मागून. जन्म काढला आणि त्याच्या जागी धंदा बसवला. डंजन मास्टरच्या पुस्तकात नवी पार्श्वभूमी घडवण्याची सोय आहे, हे खरे. पण बहुतेक खेळाडू ते पुस्तक उघडतच नाहीत.

कोणी म्हणेल, शेवटी सगळे माणसांवरच असते. चांगला डंजन मास्टर वाईट नियमांतूनही चांगला खेळ उभा करतो. हा मुद्दा हलका नाही. संविधान कितीही चांगले असले तरी राबवणारे वाईट असतील तर ते वाईटच ठरेल, असा इशारा बाबासाहेबांनीही २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. पण ज्यांनी तो दिला, त्यांनीच आधी मसुद्यातल्या कलमाकलमावर वर्षानुवर्षे कष्ट घेतले होते. माणसे महत्त्वाची आहेत म्हणून नियम बिनमहत्त्वाचे ठरत नाहीत. वाईट नियमाखाली चांगल्या माणसाची निम्मी शक्ती त्या नियमाशी झगडण्यातच जाते.

म्हणून पुढच्या वेळी टेबलावर कोणी भित्रा, भांडखोर किंवा स्वार्थी वाटला, तर त्याच्यावर शिक्का मारण्याआधी पुस्तक उघडा. तो ज्यासाठी धडपडतो आहे, त्यालाच तिथे गुण ठेवलेले नाहीत ना, हे पाहा. आमच्या टेबलावर आम्ही ठराव केला आहे: पार्श्वभूमी कोणतीही घ्या, वाढीव गुण हवे तिथे लावा. परवा एका मुलीने शेतकऱ्याच्या घरातली विझार्ड उभी केली. बुद्धी सतरा. तिला एक पाऊलही मागे उभे राहावे लागले नाही.

जयभीम!