बरोबरचं चिन्ह आणि नापास पोरं

इंदूरच्या भंवरकुआ भागात कोचिंगचे फलक मोजू गेलात तर दमाल. फलकावर हसरे चेहरे, खाली रँक. नववीच्या बीजगणितात अडकलेल्या पोराचा फोटो कुठंच नाही. त्याच्यासाठी घरोघरची ट्यूशन, आणि तिथंही तीच गणितं दुप्पट वेगानं!

माझ्या तिथल्या मावसबहिणीचा नातू असाच अडकलेला. मी त्याला 8 + 4 = □ + 5 लिहून दिलं. त्यानं चौकटीत 12 भरले. त्याच्या लेखी बरोबरचं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिहा' असा हुकूम. पहिलीपासून त्यानं दुसरं केलंय काय? रॉबर्ट रेकॉर्डनं 1557 मध्ये हे चिन्ह काढलं ते सारख्या लांबीच्या दोन समांतर रेषा म्हणून. तराजूच की तो! तो न दाखवता आपण 'पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं' हा मंत्र पाठ करून घेतो.

ऋण संख्यांचंही तेच. ब्रह्मगुप्तानं 628 मध्ये नियम दिले ते धन आणि ऋण, म्हणजे मालमत्ता आणि कर्ज, या शब्दांत. दुकानातली उधारीची वही पाहिलेल्या पोराला उणे तीन अधिक पाच का अडावं? भास्कराचार्यांचे अव्यक्त तर यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक: जितकं असेल तितकं, काळा, निळा, पिवळा. आपल्या गोव्यात चौथीपर्यंत मराठी-कोंकणीत शिकलेलं पोर पाचवीत इंग्रजीत जातं. त्याला पुढं 'व्हेरिएबल' आणि 'कोएफिशिअंट' यांचीच आधी धास्ती बसते.

सीबीएसईनं 2020 च्या दहावीपासून गणिताचे 'बेसिक' आणि 'स्टँडर्ड' असे दोन पेपर केले. मध्य प्रदेशात 2016 मध्ये 'रुक जाना नहीं' योजना आली, नापासांना पुन्हा बसता यावं म्हणून. चांगलंच झालं. पण हे सगळे परीक्षेच्या दारातले उपाय, आणि पोर अडतं ते पाचवी-सहावीच्या अपूर्णांकांत.

माझं म्हणणं साधं आहे. नववीचे पहिले तीन आठवडे पुस्तक मिटून ठेवा. अपूर्णांक, ऋण संख्या आणि तराजू, एवढंच करा. शिक्षक विचारतील, पोर्शन कोण संपवणार? चौथ्या आठवड्यात वर्ग कुठवर पोचतो ते बघा, आणि मग विचारा.