डायलिसिसचे वार

ज्या वयात माणूस आयुष्याचे बेत वर्षांच्या हिशेबाने करू लागतो, त्याच वयात ज्याला ते आठवड्याच्या वारांवर बेतावे लागतात, त्या तरुण मूत्रपिंडरुग्णाच्या मनाची नोंद आपल्या दफ्तरांत सहसा उमटत नाही. आठवड्यातून दोन-तीन वार, दर वारी सुमारे चार तास, त्याचा हात यंत्राच्या हवाली असतो. जाण्यायेण्याची दगदग आणि नंतरची गळून गेलेली संध्याकाळ धरली, तर तो वार सबंध गेलाच. उरलेल्या दिवशी पाणी मापून प्यायचे, नारळपाणी वर्ज्य मानायचे, आणि डायलिसिससाठी हातावर केलेल्या फिस्टुलाने फुगलेली शीर झाकण्यासाठी ऐन वैशाखात लांब बाह्यांचा सदरा घालायचा.

२०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाने जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना हा उपचार विनामूल्य मिळू लागला, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क अधिनियमाने ज्या एकवीस प्रकारांना मान्यता दिली, त्यांत थॅलेसेमिया व सिकलसेल आहेत, मूत्रपिंड निकामी होणे नाही; म्हणून ज्याचा परीक्षेचा दिवस यंत्राने घेतला, त्याच्याजवळ सवलत मागण्यापुरता दाखलाही नसतो.

प्रत्यारोपणाने सारे निभावते, ही समजूतही अपुरी आहे. पुष्कळदा मूत्रपिंड आईचे असते, आणि तिच्या कुशीवरचा व्रण पाहणाऱ्या मुलाला कृतज्ञतेइतकेच अपराधीपणही ग्रासते. त्यातच स्टेरॉइडने चेहरा सुजून जुने सोबती ओळखेनासे होतात, आणि चारचौघांसारखे दिसण्याच्या ओढीने एखादे दिवशी गोळी चुकते. किशोरवयाच्या अखेरीस व ऐन विशीत प्रत्यारोपित मूत्रपिंड गमावण्याचे प्रमाण विशेष असते, हे वैद्यकास ठाऊक आहे. गोळी चुकण्यास बेफिकिरी म्हणून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. बहुधा ती एकट्याने वाहिलेल्या दुःखाची खूण असते.

मानसिक आरोग्यसेवेचा हक्क २०१७ च्या अधिनियमाने सर्वांस दिलाच आहे. तेव्हा सरकारने दोन तजविजी कराव्यात: प्रत्येक जिल्ह्यात डायलिसिसची एक तरी पाळी सायंकाळी सहानंतर सुरू व्हावी, म्हणजे महाविद्यालय किंवा नोकरी सुटणार नाही, आणि त्या पाळीस एक समुपदेशक नेमावा. त्याच्यासाठी वेगळी खोली नको, वेगळी वेळ नको. रुग्ण चार तास एका जागी असतोच, खाटेशेजारी केवळ एक खुर्ची हवी.