बाळाला ऊब द्या, कोंडू नका

दिवाळी सरली, तुळशीचं लग्न लागलं, की आपल्याकडे थंडी जाणवू लागते. नाशिक, निफाड, जळगाव, नागपूर, गोंदिया या भागांत डिसेंबरात पहाटेचा पारा कधी कधी १० अंशांच्या खाली जातो आणि दुपारी त्याच अंगणात उन्हाचा चटका बसतो. मुंबईत, कोकणात आणि गोव्यात हुडहुडी भरत नाही, तरी पहाटवारा गार असतोच. अशा दिवसांत घरात तान्हं बाळ असलं की दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, दारं-खिडक्या लावा, बाळाला गुंडाळा, शेगडी पेटवा. दुसरा म्हणतो, हे सगळं जुनं झालं. या वादात बाळंतिणीला कोणी विचारत नाही. तिची झोप झालेली नसते आणि उत्तर द्यायचं बळही उरलेलं नसतं.

दोन्ही पक्षांनी एवढं मान्य करावं: नवजात बाळाला सगळ्यात चांगली ऊब आईच्या अंगाची आणि तिच्या दुधाची. म्हणून थंडीत घरच्यांचं पहिलं काम म्हणजे बाळाला जवळ घ्यायला आणि पाजायला आईला मोकळं ठेवणं. हे आवाहन तिला नाही, तिच्या भोवतीच्या सगळ्यांना आहे.

आधी बाळाचं शरीर समजून घेऊ. आपण कुडकुडतो तेव्हा त्या थरथरण्यातून अंगात उष्णता तयार होते. नवजात बाळाला तसं कुडकुडता येत नाही. जन्मताना अंगात असलेली एक खास चरबी जाळून ते उष्णता मिळवतं. मुदतीआधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाकडे ती चरबीही थोडीच असते. शिवाय बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं आणि ओलं राहिलं तर तिथून ऊब झपाट्याने जाते. थंडी वाजतेय हे बाळ सांगत नाही. ते आधी सुस्त होतं, मग दूध ओढेनासं होतं, आणि घरच्यांना वाटतं, शांत झोपलंय.

म्हणून रोज दोन-तीनदा, विशेषतः पहाटे, हात लावून बघा. हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला लावा, मग तळपायाला. दोन्ही उबदार असतील तर बाळ मजेत आहे. पोट उबदार आणि पाय गार असतील तर ते थंडीशी झगडतंय. त्याला लगेच छातीशी घ्या, टोपरं आणि मोजे घाला, अंगावर पाजा. पोटही गार लागलं तर मात्र घरगुती उपायांत वेळ घालवू नका. छातीशी धरून, वरून पांघरूण घेऊन दवाखाना गाठा. घरात थर्मामीटर असेल तर काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट असावं.

छातीशी घेणं म्हणजे दुपट्यात गुंडाळून मांडीवर घेणं नव्हे. बाळाला फक्त लंगोट आणि टोपरं घालायचं, आईच्या उघड्या छातीवर उभं ठेवायचं, मान एका बाजूला वळवायची आणि दोघांवरून शाल घ्यायची. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८-७९ च्या सुमारास इन्क्युबेटर कमी पडले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली. आज अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांसाठी जगभर तीच सांगितली जाते. आई आंघोळीला किंवा जेवायला गेली, तिचा डोळा लागला, तर बाबांच्या, आजीच्या, मावशीच्या छातीवरही बाळ तितकंच उबदार राहतं. ज्याने धरलंय त्याने मात्र जागं असावं.

आता कपडे. आपल्या अंगावर जेवढे थर असतील त्याहून एक जास्त बाळाला पुरतो. आत मऊ सुती झबलं, वर स्वेटर. लोकर थेट कातडीवर नको. बाळाला गरम होतंय का हे मानेमागे हात घालून बघा. तिथे घाम असेल तर एक थर काढा. आपल्याकडे पहाट आणि दुपार यांत १५-२० अंशांचा फरक पडतो. पहाटेचा स्वेटर, टोपरं, मोजे दुपारी दोनलाही तसेच राहिले की बाळ घामेजतं, किरकिरतं, अंगावर घामोळं येतं. मग आपण म्हणतो, दृष्ट लागली. पणजीत किंवा दादरमध्ये वाढणाऱ्या बाळाला निफाडच्या बाळाएवढे कपडे लागत नाहीत, हेही गावाकडच्या आजींनी फोनवर सल्ला देताना लक्षात ठेवावं.

झोपवताना बाळ उताणं, अंथरूण सपाट आणि घट्ट. उशी, लोड, जाड गोधडी, लोकरीचं सैल पांघरूण बाळाच्या जवळ नको; ते तोंडावर आलं तर बाळाला बाजूला सारता येत नाही. पांघरूण घालायचंच तर हलकं, छातीपर्यंत, दोन्ही कडांनी नीट खोचलेलं. कुंची बाहेर नेताना घाला, झोपताना काढा. टोपऱ्याची नाडी गळ्याशी आवळू नका. दोन मोठी माणसं आणि मध्ये बाळ, वर सगळ्यांची मिळून एक गोधडी, ही झोप माणसांना उबदार वाटते, पण बाळासाठी ती धोक्याची आहे. बाळ आईच्या खोलीत, हाताच्या अंतरावर, पण स्वतःच्या अंथरुणात असावं.

आजींनो, आता तुमच्याशी थोडं मोकळं बोलायचं आहे. तेल लावून मालिश करायला काहीच हरकत नाही. खोबरेल कोमट करा, खोलीतला वारा बंद करा, हात हलका ठेवा. कमी वजनाच्या बाळासाठी मात्र आधी डॉक्टरांना विचारा. काही गोष्टी सोडाव्या लागतील. नाकात आणि कानात तेल घालू नका. नाकातलं तेल फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनियासारखा आजार होऊ शकतो. टाळू तेलाने भरत नाही, ती साधारण वर्ष-दीड वर्षात आपोआप भरते. मुलींच्या छातीतून दूध पिळू नका, तिथे गळू होतं. डाळीचं पीठ आणि उटणं चोळलं की नाजूक, थंडीने आधीच कोरडी झालेली कातडी सोलवटते. न्हाऊ घालायला बाई येत असतील तर त्यांनाही हे तुम्हीच सांगा, कारण त्या सुनेचं ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील.

आंघोळ रोज झालीच पाहिजे असं थंडीत काही नाही. जन्मानंतर पहिले २४ तास तर घालूच नये. पुढेही एक दिवसाआड, उन्हाच्या वेळी, कोपराने पाणी बघून, पाच मिनिटांत उरकावी आणि आधी डोकं कोरडं करावं. बाकीच्या दिवशी ओल्या कापडाने मान, काखा आणि जांघा पुसल्या तरी पुरे. वजन कमी असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत नुसतं पुसून घ्यावं.

शेकशेगडीचं तर विशेष सांगायला हवं. बंद खोलीत पेटलेल्या कोळशातून विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या आई-बाळाला तो उठवत नाही, गुंगवतो. ओवा, वावडिंग, बाळंतशेपा यांची धुरी वासाला चांगली असली तरी धूर तो धूरच, आणि बाळाची फुप्फुसं इवलीशी. डास पळवायला कॉइल लावण्यापेक्षा मच्छरदाणी बांधा. चूल घरातच असेल तर स्वयंपाकाच्या वेळी बाळाला दुसऱ्या खोलीत किंवा ओसरीवर ठेवा. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर बाळ मोठं होईपर्यंत ती बाहेरच. सकाळचं कोवळं ऊन दारात थोडा वेळ जरूर घ्या, बरं वाटतं. पण काविळीवर ऊन हा उपचार नाही. तळहात-तळपाय पिवळे दिसले की दवाखान्यात न्या. व्हिटॅमिन डीचे थेंब डॉक्टरांनी दिले असतील तर ऊन घेतलं म्हणून ते बंद करू नका.

सर्दी होणारच. नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात, पाजण्याआधी ते घालावेत. कापूर, बाम, वाफेच्या कॅप्सूल बाळाच्या जवळ नकोत. कापूर पोटात गेला तर बाळाला झटके येऊ शकतात. ओव्याची गरम पुरचुंडी छातीवर ठेवल्याने भाजतं. मध वर्षाच्या आत चाटवूच नये, त्यातल्या जंतूंच्या विषाने बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. बाळगुटी आणि वरचं पाणी सहा महिने नको, थंडीत गरम पाणीही नको. आणि खोकल्याचं औषध स्वतःहून कधीच नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात दूषित सिरप पिऊन लहान मुलं दगावली. त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. शेजारच्या बाळाची उरलेली बाटली आपल्या बाळाला देऊ नका.

सर्दी आणि न्यूमोनिया यांतला फरक मात्र प्रत्येक घरात निदान एकाला कळायला हवा. बाळ शांत असताना पोटावरचा कपडा वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षभर ५० किंवा जास्त, वर्षानंतर पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले तर श्वास जलद आहे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ कण्हत असेल, दूध ओढत नसेल, ओठ निळसर असतील, झटका आला असेल, तर सकाळची वाट पाहू नका. दोन-तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप आला तरी तसंच. मेळघाटात अजूनही पोट फुगलं, धाप लागली की तापल्या विळ्याचे चटके देतात. त्यात बाळ भाजतं आणि उपचाराची वेळही हातची जाते.

श्वास मोजणं साध्या माणसांना जमतं, हे महाराष्ट्रानेच दाखवून दिलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासायला, ऊब द्यायला, श्वास मोजायला शिकवलं. तिथलं नवजात मृत्यूचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटलं आणि ते निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. आज आशाताई आपल्या दारी येतात त्यामागे हेच काम आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. त्यांना ओसरीवरून चहा देऊन परत पाठवू नका, आत बोलवा, बाळ उघडून दाखवा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी साध्या सर्दीमुळे पुढे ढकलू नका. त्यांतली एक न्यूमोनियापासूनच वाचवते.

आता बाबांसाठी. दूध तुम्ही पाजू शकत नाही, बाकी सगळं करू शकता. दिवसरात्र मिळून बाळ आठ ते बारा वेळा पितं, त्यातल्या निम्म्या वेळा अंधारात. पहाटे तीनला उठून लंगोट बदला, ओला कपडा लगेच काढा, बाळाला ढेकर काढायला घ्या, तिला कोमट पाणी द्या. थंडीत दुपटी वाळत नाहीत; ती धुऊन उन्हात टाकण्याचं काम तुमचं. डिंकाचे, अळिवाचे लाडू तिला द्या, पण त्यांनी पोट भरत नाही. भाकरी, भाजी, वरण, दूध, अंडी जे घरात चालतं ते पोटभर आणि वेळेवर मिळालं पाहिजे. दोन आठवड्यांनंतरही ती सारखी रडत असेल, बाळ जवळ घ्यावंसं वाटत नसेल, बाळ झोपलं तरी तिला झोप लागत नसेल, तर तिला नाटकी म्हणू नका. हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत, डॉक्टरांकडे घेऊन जा.

पाहुण्यांनो, लग्नसराई सुरू झाली आहे. सहा आठवड्यांच्या बाळाला गारठ्यात रात्रीच्या वरातीत आणा असा आग्रह धरू नका. बारशाला जाल तेव्हा हात धुवा, बाळाचे मुके घेऊ नका, सर्दी असेल तर व्हिडिओ कॉल करा. बाळंतविड्यात दहावं झबलं नेण्याऐवजी डबा न्या, किंवा तासभर भांडी घासून या.

आणि ज्यांना बंद खोलीही नाही त्यांचं काय? थंडीच्या सुरुवातीलाच साखर कारखान्यांचं गाळप सुरू होतं. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कुटुंबं कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई थांबली तर मजुरी बुडते आणि आधी घेतलेली उचल फिटत नाही. म्हणून ओल्या बाळंतिणी पहाटे फडात उतरतात आणि बाळ बांधावर किंवा कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतं. तुमच्या शिवारात कोप्या पडल्या असतील तर गावातल्या आशाताईंना आणि अंगणवाडीताईंना कळवा की इथे तान्हं बाळ आहे. सरकारी केंद्रात बाळाला लस मोफत मिळते, ते कोणत्या गावचं आहे हे आड येत नाही. कोपीत जमिनीवर टाकायला पाचट आणि वर ताडपत्री, चांगली गोधडी, कोरडे कपडे एवढं गाव देऊ शकतं. मुकादमाने आणि बागायतदाराने तिला पाजायला सवड द्यावी. मेहेरबानी म्हणून नव्हे. तिच्या घामावर हंगाम चालतो.

आज रात्री जेवणं झाल्यावर घरच्यांनी पंधरा मिनिटं बसावं आणि चार गोष्टी ठरवाव्यात. रात्री बाळाला घ्यायला कोणत्या वेळी कोण उठणार. श्वास मोजायला कोण शिकणार. जवळचा, रात्री उघडा असलेला, बाळं बघणारा दवाखाना कोणता. गाडी कोणाची, आणि ती नसेल तर १०८ ला फोन कोण लावणार. उत्तरं कागदावर लिहून फ्रीजवर नाहीतर देवळीत लावा. ठरवायला बाळंतिणीलाही बोलवा, कामं मात्र तिच्या नावावर लिहू नका.